जुलेखाभाभींच्या मशीनचा पट्टा

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्नघरात भाज्या निवडायला बसलो की कुणीतरी सून म्हणतेच, "काकू, ते बाह्यांचं सांगा ना." मग मी सांगते. लग्न होऊन शिरूरला आले, हौसेने शिवण शिकायला गेले आणि पहिल्याच पोलक्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या. ते पोलकं अंगात घातलं तेव्हा माझा उजवा हात वाहतूक पोलिसासारखा बाजूला निघाला आणि खाली येईना. पोरी हसतात, भाजी निवडून होते. या गोष्टीत आमच्या शिवणबाई, जुलेखाभाभी, तोंडात टाचण्या धरून येतात, चार शब्द बोलतात आणि जातात.

खरं म्हणजे गोष्ट त्यांची आहे. मी तिच्यात बाहीपुरती. पण पुढचं सांगायचं तर मला माझा एक खोटेपणा सांगावा लागतो, म्हणून इतकी वर्षं मी बाहीपाशीच थांबत आले. आज लिहिते आहे. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं, तेवढं बरं पडतं.

माझं माहेर कवठे येमाईचं. यजमान शिरूरच्या मार्केट यार्डात नोकरीला, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आमच्या दारासमोर भाभींचं दार. त्यांचे मालक इस्माईलभाई दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटर, शनिवारी एसटीने यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. बाकीचे दिवस घरात भाभी आणि त्यांच्या सासूबाई. त्या साऱ्या गल्लीच्या अम्मा होत्या.

पुढच्या खोलीत भाभींचं पायमशीन होतं. राहू या त्यांच्या माहेरगावी वडिलांनी लग्नात दिलेलं. काळंभोर, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि जिथं भाभींचा डावा हात टेकायचा तिथली वेलबुट्टी पार पुसून गेलेली. गल्लीतल्या आम्ही चार-पाच जणी दुपारी तिथं शिकायला बसायचो. भाभी उंच, सडसडीत. गळ्यात टेप कायम. एकदा त्या लग्नालाही टेप घालूनच आल्या. मी खुणावलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वैनी. मंगळसूत्राखाली झाकून जातंय." मुसलमान बायकांचा काळ्या मण्यांचा लच्छा त्यांच्याही गळ्यात असायचा. आमच्यासाठी त्या त्याला मंगळसूत्र म्हणायच्या.

टाचण्या तोंडात ठेवूनच त्या शिकवायच्या. नवख्या पोरीला त्यातलं अक्षर कळायचं नाही, पंधरा दिवसांनी सगळं कळायला लागायचं. माझ्या त्या दोन डाव्या बाह्या पाहून त्या हसल्या नाहीत. माझ्या हातात ब्लेडचं पातं ठेवलं आणि टाचण्यांमधून म्हणाल्या, "उसवा. उसवायला लाजायचं न्हाई." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की शिवण्यापेक्षा उसवणं मला जास्त चांगलं येतं.

दुसरं वाक्य मापाच्या वहीबद्दल होतं. गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली लाल पुठ्ठ्याची वही त्या मशीनच्या खणात ठेवायच्या. कोण वाळली, कोण भरली, कुणाला सासरी पोटभर मिळत नाही, सगळं त्यांना टेप लावला की कळायचं. एकदा कुणीतरी विचारलं, "भाभी, अमकीचं माप किती हो?" भाभी म्हणाल्या, "बाईचं माप म्हंजी तिच्या घरातली गोष्ट. वही मी कुणाला दावत न्हाई." आणि खण सरकवून बंद केला.

महिन्यातून तीन-चार दिवस मात्र भाभींकडे बघवायचं नाही. आमच्याकडे तेव्हा बाजूला बसायची चाल होती. मागच्या पडवीत घोंगडी टाकून चार दिवस मी ऐसपैस लोळायची, ताट हातात यायचं. भाभींच्या घरात ही चाल नव्हती. त्या दिवसांत त्या नमाज पढायच्या नाहीत एवढंच. चूल, पाणी, मशीन सगळं तसंच. मला म्हणायच्या, "वैनी, तुमच्यातली ही एक सोय मला लई आवडती बगा." अम्मा चुलीत वीट तापवायच्या, जुन्या गोधडीच्या फडक्यात गुंडाळून आणून द्यायच्या. ती वीट पोटाशी धरून, मशीनवर वाकून भाभी शिवत राहायच्या. चेहरा खळ घातलेल्या कापडासारखा पांढरा आणि ताठ. कळ आली की पायडल थांबायचं. आम्ही मान वर करायचो, तोवर ते परत सुरू व्हायचं.

गल्लीचं मत असं की एवढं सगळ्याच बायकांना दुखतं, हिचंच कौतुक फार. मी तर अधिक शहाणी. त्यांना म्हटलं, "भाभी, ओवा खात जा."

"वैनी," त्या म्हणाल्या, "ओवा खाऊन खाऊन माज्या पोटात ओव्याचं वावर झालं आसंल आता."

त्या दुखण्याची नोंद त्या ठेवायच्या हे मला पुढे कळलं. लिहून नाही. त्याच लाल वहीच्या मागच्या पानांवर, दर दिवसाची एक ओळ, सुईने घातलेले टाके. दुखलं पण काम झालं, तर एक टाका. वीट लागली, तर दोन. सुईत दोरा ओवता आला नाही, तर तीन, ते दुसऱ्या दिवशी घातलेले. ज्या दिवशी ज्या रंगाचं काम मशीनवर असेल त्या रंगाचा दोरा. पान उलटं केलं की मागे नुसत्या गाठी.

भाभींच्या लग्नाला दहा वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. इस्माईलभाई रेल्वेच्या पासावर त्यांना पुण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. ती हकीकत इस्माईलभाईंनीच आम्हाला आमच्या ओट्यावर बसून सांगितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाला दोन बाजूंनी दोन बारीक नळ्या असतात, त्या बंद आहेत का ते बघायला हवं. नळ्या म्हटल्यावर इस्माईलभाई खुलले.

"मी म्हन्लं, बाईसाहेब, आमच्या बॉयलरला पन नळ्या असत्यात. क्षार बसला की चोक व्हत्यात. आमी लांब सळई घालून साफ करतो. हितं किती नळ्या?"

"मग?"

"म्हनल्या, दोनच. आन् सळई चालत न्हाई."

तपासणी अशी होती की खालून गॅस सोडायचा आणि तो नळ्यांतून पोटात जातो का ते दाब दाखवणाऱ्या काट्याच्या घड्याळावर बघायचं. भाभी बाहेर आल्या तेव्हा इस्माईलभाईंनी पहिलं काय विचारलं असेल? "प्रेशर किती दिलं?" भाभी उभ्याही राहू शकत नव्हत्या. उजवा खांदा धरून म्हणाल्या, "हितं दुकतंय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खांदा दुखतोय ना, ही चांगली खूण, गॅस नळीतून पोटात गेला आणि वर चढला. म्हणजे रस्ता मोकळा आहे.

अम्मांनी गल्लीत साखर वाटली. "पोटाची बातमी खांद्यानं दिली गं बाई," असं म्हणून त्या स्वतःच्याच खांद्याला हात लावून दाखवायच्या.

साखर संपली, वर्ष गेलं, काही झालं नाही. आणि मग माझी कर्तबगारी सुरू होते.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मला दिवस राहिले. तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, हा आत्याबाईंचा कडक नियम. पण बाजूला बसायची चाल असलेल्या घरात बाई बाजूला बसली नाही की गल्लीला लगेच कळतं. आत्याबाईंनी त्यावर तोड काढली. दसऱ्यानंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा त्यांनी मला चक्क खोटंखोटं पडवीत बसवलं. दार उघडं ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्याला घोंगडी दिसेल अशी. देवाला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणे. मी आपली फुकटची विश्रांती मिळाली म्हणून खूष.

दिवाळी झाली तसा मी शिवणाचा क्लास सोडला. मशीनच्या तेलाचा वास सहन होईना, हे खरं कारण. सांगितलं मात्र, पाठ दुखते. संक्रांतीला तिळगुळाबरोबर आत्याबाईंनी बातमी फोडली. गल्लीने घोंगडी मोजली आणि गणित मांडलं. दिवाळीपर्यंत ही पोरगी रोज मशीन मारत होती, दर महिन्याला बाजूला बसत होती. मशीन सोडलं आणि दुसऱ्याच महिन्यात पोटुशी!

अम्मा त्या दिवशी ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. मग उठल्या आणि घरात गेल्या. मी आमच्या दारातून ऐकत होते.

"जुलेखा, डाक्टर म्हनली, रस्ता मोकळा हाय. मग आडतंय कुटं? ह्या पायडलावर. दिवसभर पोट हिंदळतंय, तितं काय ऱ्हानार?"

"अम्मा, मशीनवर बसनाऱ्या बाया बाळंत होत न्हाईत का?"

"समोरची पोटुशी झाली का मशीनवर आस्ताना? सोडलं तवा झाली ना?"

मी दाराआड उभी. पोटात साडेतीन-चार महिन्यांचा पुरावा. दोन पावलं टाकून सांगायचं होतं, अम्मा, मला दिवस राहिले ते मशीनवर असतानाच. पण मग घोंगडीचं सांगावं लागलं असतं, आत्याबाईंचं नाव गेलं असतं, शिवाय नजर. मी दार लोटून घेतलं.

अम्मांनी मशीनच्या चाकावरचा चामडी पट्टा काढला, गुंडाळला आणि स्वतःच्या ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. मशीन विकायला त्या तयार नव्हत्या, आणि भाभी पोराची आशा सोडायला. भाभींनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या उजव्या हाताने चाक फिरवून डाव्या हाताने कापड सरकवायला लागल्या. ज्या पोलक्याला एक दुपार लागायची त्याला दोन दिवस लागायला लागले. पोरी गळाल्या, क्लास मोडला. समोरून दिवसभर येणारा तो घरघर आवाज बंद झाला आणि त्याजागी थांबत थांबत टक, टक.

आषाढाच्या तोंडाला माझा मुलगा झाला. गल्लीच्या हिशेबाने सातव्या महिन्यातलं मूल, आणि अंगाने असं की सुईणीचे हात भरून आले. आत्याबाई सांगत सुटल्या, "आमच्याकडं पोरं दणकटच निपजत्यात." बारशाला भाभी झबलं घेऊन आल्या, हाताने चाक फिरवून शिवलेलं. बाळाची मूठ उघडून बघितली आणि हळूच म्हणाल्या, "नखं पुरी आल्यात की वो." मी पदराशी चाळा करत राहिले. भाभींनी मूठ मिटवली आणि आल्या तशा गेल्या.

पट्ट्याविना सव्वा वर्ष गेलं. एका शनिवारी इस्माईलभाई आले तेव्हा भाभींनी त्यांच्यापुढे आणि अम्मांपुढे लाल वही उघडून ठेवली. नेमकी मागची पानं. "हे मशीनवर आस्तानाचं वरीस. हे पट्टा काढल्यानंतरचं. बोट फिरवून बगा. टाके कमी झाले का?" अम्मांनी बोट फिरवलं. कमी नव्हते. शेवटच्या महिन्यांत तर तीन-तीनच्या ओळी वाढल्या होत्या. "मला परत पुन्याला न्या," भाभी म्हणाल्या, "आन् ह्या खेपेला अम्माबी येत्याल."

डॉक्टरीणबाईंनी ती वही फार वेळ बघितली म्हणे. कुठल्या दिवसापासून सुरू होतं, किती दिवस राहतं, परसाकडला बसताना जास्त का, सगळं त्या टाक्यांवर बोट ठेवून विचारलं. मग म्हणाल्या, "बाई, गॅसने नळी मोकळी आहे एवढंच कळतं. बाहेरून काय झालंय ते पोट उघडल्याशिवाय कळायचं नाही."

ऑपरेशन झालं. महिन्याने भाभी शिरूरला आल्या तेव्हा मी भेटायला गेले. कॉटवर बसून त्यांनी मला ते कापडावर समजावलं. हातात एक परकर घेतला होता.

"हे बगा वैनी. गर्भपिशवीला आतनं अस्तर आसतं. दर म्हैन्याला ते गळतं, तीच आपली पाळी. माजं तसलं अस्तर पिशवीच्या भाईर लागलंय, जागोजाग. पिशवीच्या मागं, नळ्यांवर, अंडं जितं तयार व्हतं तितं. आतलं गळतं तवा भाईरचंबी गळतं. पर त्याला जायाला वाटच न्हाई. मग ते तितंच साकळतं, थिजतं. तितं धरलेल्या एका गाठीत तर काळंकुट्ट जुनं रगत भरलेलं."

"अगं बाई!"

"आन् साकळून साकळून खळ लावल्यावानी सगळं एकाला एक चिकाटलं." त्यांनी परकराचा नेफा धरला. "ही नळी. हिच्यातनं नाडी जाती. म्हनून ग्यास गेला, म्हनून खांदा दुकला. डाक्टरीन खोटं बोलली न्हवती. पर नळीच्या तोंडाला झालर आसती, ही आशी." त्यांनी परकराची खालची झालर नेफ्याच्या तोंडाशी आणून बोटांनी हलवली. "ह्या झालरीनं ती नळी अंडं उचलून घेती. मोकळी पायजे, हलती पायजे. माजी डावीकडची झालर मागं चिकटून बसलीया. उजवी नळी आकडून वाकडी झाली. नेफा हाय, नाडी हाय, पर टोक धरायला बोटंच न्हाईत."

इस्माईलभाई कोपऱ्यातून म्हणाले, "पाइप ओपन, पर तोंड जाम. आसं पन आसतंय." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच बॉयलरवरची श्रद्धा जरा कमी झालेली वाटली.

चिकटलेलं डॉक्टरीणबाईंनी जमेल तेवढं सोडवलं होतं, गाठ काढली होती. पुन्हा चिकटणार नाही अशी हमी त्यांनी दिली नव्हती. मूल होईलच असंही सांगितलं नव्हतं. एंडोमेट्रिऑसिस असं दुखण्याचं नाव कागदावर लिहून दिलं होतं. भाभींनी तो कागद वहीच्या पहिल्या पानावर टाचून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "धा-बारा वर्सं म्या म्हनत हुते दुकतंय, दुकतंय. आता त्याला नाव हाय. आता कुनी म्हनू दे नखरा."

मूल होईल का, हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना दुसऱ्यांदा विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं होतं ते वेगळंच. शुद्धीवर आल्या आल्या. "हे मशीनमुळं झालं का?" डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळेना. कळला तेव्हा म्हणाल्या, "मशीनचा काही संबंध नाही हो." भाभी म्हणाल्या, "माज्या सासूला बोलवा, आन् तिच्यापुढं परत एकदा सांगा." त्यांनी सांगितलं. अम्मांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

मी तिथं बसले असतानाच अम्मांनी कमरेची किल्ली काढून ट्रंक उघडली. पट्टा सुकून कडक झाला होता. त्यांनी वाटीत खोबरेल घेतलं, भिंतीला टेकून बसल्या आणि पट्ट्याला बोटाने तेल चोळत राहिल्या, लहान पोराच्या अंगाला लावतात तसं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "धा मिनटं मुरू दे. मग चढव." भाभींनी टाके ओले म्हणून मशीनपाशी जायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून अम्मांनीच पट्टा चढवला आणि स्वतः खाली बसून हाताने पायडल हलवून बघितलं. चाक फिरलं. घरघर आवाज आला.

याही वेळी मी काही बोलले नाही. आता काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. नाही बोललं तर निभून जातं, हे मला एव्हाना सवयीने कळलं होतं.

भाभींना मूल झालं नाही. दुखणं दोन-तीन वर्षं बरंच कमी होतं, मग पुन्हा परतलं, पहिल्याइतकं नाही. इस्माईलभाईंना दौंडला क्वार्टर मिळालं, तेव्हा मशीन बैलगाडीत घालून ते बिऱ्हाड हललं. अम्मा शिरूरलाच राहिल्या. शेवटपर्यंत गल्लीत कुणी पोरगी मुरडा आला म्हणून कण्हली, तरी त्या म्हणायच्या, "दुकतंय म्हनती ना? मग दुकत आसंल."

पुढे एकदा नात्यातल्या लग्नाला मी दौंडला गेले. दुपारी वाट काढून रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये गेले. खिडकीशी मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. समोर रेल्वेवाल्यांच्या चार बायका शिकत होत्या. चहा झाला, बायका गेल्या, भाभी पुन्हा टाचण्या तोंडात धरून मशीनवर बसल्या. "बाळ्या केवढा झाला?" असं भाभींनी विचारलं आणि माझ्या तोंडून एकदम निघालं.

"भाभी, मी क्लास सोडला तेव्हा मला दिवस गेलेले होते. ते बाजूला बसणं खोटं होतं."

भाभींनी तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या. कुणाशी बोलायला टाचण्या काढताना मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं.

"ठाव हाय."

"ठाऊक आहे?"

"तुमचं दिवाळीचं जांबळं पोलकं. दसऱ्याच्या मापापरीस दीड बोट जास्ती भरलं. तेलाच्या वासानं दोनदा दारात पळाला. म्हनून तर दोनी कुशींना आत तीन-तीन बोटं कापड सोडलं, पुडं उसवून वाडवता यावं म्हनून."

ते पोलकं मी बाळंतपणापर्यंत घातलं होतं. दोनदा भाभींकडूनच उसवून वाढवून घेतलं होतं. आतलं एवढं कापड आलं कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. असं माझं शिवणाचं ज्ञान.

"मग अम्मांनी पट्टा काढला तेव्हा एका शब्दाने बोलला का नाही? वही दाखवायची होती!"

"वही मी कुनाला दावती का?" त्या म्हणाल्या. मग गादी बाजूला सारून, "आन् बोलले आस्ते, आन् पुडं तुमचं काय इपरीत झालं आस्तं, तर समदी म्हनली आस्ती, वांझेची नजर लागली. पट्टा काय, आज ना उद्या परत मिळाला आस्ता."

"आणि नंतर? बाळ झाल्यावर?"

भाभींनी कापड हातात घेतलं, सुईखाली सरकवलं, दाबपट्टी खाली केली.

"नंतर वाट बगितली, तुमी सांगताल म्हनून."

मी डोळ्याला पदर लावला तर त्या म्हणाल्या, "आता सांगितलं की वो वैनी. गाडी चुकंल तुमची, निगा." आणि टाचण्या परत तोंडात गेल्या.

पुढच्याच वर्षी इस्माईलभाईंची बदली लांब झाली. भाभींची माझी ती शेवटची भेट. त्या दुपारी मी निघाले, क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर आले आणि वळून बघितलं. रुळांवरून मालगाडी चालली होती, डब्यांमागे डबे, म्हणून मशीनचा आवाज ऐकू येत नव्हता. उघड्या दारातून त्यांची वाकलेली मान दिसत होती, आणि खाली त्यांचे दोन पाय, चाललेले.